बेसमधला नको तो आवाज नेमका येतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जॅझ बेसच्या नमुन्याचा, दोन सिंगल-कॉइल पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारी चुंबक आणि गुंडाळी, इथे एकेरी), बॅटरी नसलेला जुना बेस, म्हणजे बेस गिटार, विकत घेतला. तारा गंजलेल्या होत्या म्हणून ४५-१०५ चा संच (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) उतरवून ४०-९५ चा हलका संच चढवला. आता तक्रारी चार: तारांवरून हात काढला की अँपमधून घुंऽऽ सुरू होतं, व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर, ई तारेवर पहिल्या पाच फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे बेसच्या मानेवरच्या, नेकवरच्या, आडव्या धातूच्या पट्ट्या) खणखण, आणि ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे ‘सी’ वाजवला की झिर्रर्र. दुकानदार म्हणतो, दोन्ही पिकअप बदलून टाका.

बदलू नका. तुमच्या चारपैकी तीन तक्रारींचा पिकअपशी काडीचा संबंध नाही, आणि चौथीतही पिकअप ‘खराब’ नाही.

लोक मला फोनवर तोंडाने आवाज काढून दाखवतात. घुं, झूं, खर्र. ऐकायला मजा येते, पण त्यातून निदान क्वचितच होतं. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि काय केलं की थांबतो, हे महत्त्वाचं. तुम्ही ‘हात काढला की’ असं लिहिलंत, या तीन शब्दांत अर्धं काम झालं.

सगळ्यात आधी एक सोपी विभागणी करून घ्या. केबल काढा, बेस शांत खोलीत नुसता वाजवा. जो आवाज आताही येतो तो तारा, लाकूड आणि लोखंडाचा आहे. जो फक्त अँप लावल्यावर येतो तो विजेचा. खणखण आणि झिर्र बहुतेक पहिल्या गटात निघतील, घुं आणि खरखर दुसऱ्या. मग उलटीकडूनही बघा: नुसता वाजवताना ऐकू येणारी खणखण अँपमधून ऐकू येते का? येत नसेल तर ती विसरून जा. बेसच्या तारा जाड, त्यांचा झोका मोठा. जोरात वाजवला की थोडी खणखण होणारच. ती शून्यावर आणायला निघालात तर तारा इतक्या उंच कराव्या लागतील की बोटं दुखतील.

आता घुं.

भारतात वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे आपल्याकडची हम, म्हणजे हे घुं, ५० आणि १०० हर्ट्झवर बसते. बेसची ‘जी’ सुराची तार मोकळी, म्हणजे कुठेही न दाबता, ९८ हर्ट्झची, म्हणजे आपली हम त्या ‘जी’पेक्षा किंचित चढी वाटते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली हम बी फ्लॅट आणि बी यांच्या मधे पडते. म्हणून तिकडच्या व्हिडिओत ऐकलेली हम आणि तुमच्या घरातली हम सारखी वाटणार नाही. ती ‘जी’ तार छेडा आणि ताडून बघा. सूर जुळता जुळता राहतोय असं वाटलं तर ही विजेच्या तारांची हम. त्याऐवजी कर्कश, माशी घोंघावल्यासारखं झर्रर्र असेल तर पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवा, मोबाईल चार्जर किंवा लॅपटॉपचा अडॅप्टर यांवर संशय घ्या. एकेक बंद करत जा. चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर असलेल्या घरात लाईट गेल्यावर हा झर्रर्र अचानक दुप्पट होतो. तेव्हा बेस उघडून बसण्यात अर्थ नाही, लाईट येईपर्यंत चहा घ्या.

तारांना हात लावला की आवाज कमी का होतो? घरातल्या वायरिंगभोवती विद्युत क्षेत्र असतं आणि आपलं शरीर ते गोळा करतं. बेस मांडीवर घेतलेला माणूस म्हणजे चांगला पाच-साडेपाच फुटांचा अँटेना. तारा ब्रिजमधून (खालच्या टोकाला तारा अडकवायची धातूची पट्टी) एका बारीक वायरने अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. तुम्ही तारेला हात लावता तेव्हा तुम्हीही त्या अर्थला जोडले जाता आणि अँटेनाचा उलट आडोसा होतो. म्हणजे तुमच्या बेसमधली ब्रिजची वायर शाबूत आहे. बेस निरोगी आहे, फक्त पिकअप आणि नॉब बसवलेल्या आतल्या खाचांना शिल्डिंग, म्हणजे वीज अडवणारं धातूचं अस्तर, नाही किंवा कमी आहे.

हेच लक्षण जरा बदललं की रोग बदलतो. तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, पण जॅकच्या (केबल खोचायच्या भोकाच्या) धातूला किंवा नॉबच्या दांड्याला हात लावला की शांत होतं, तर ब्रिजखालची वायर तुटली किंवा निसटली आहे. ब्रिजचे स्क्रू सोडवून उचला. वायरचं सोललेलं टोक ब्रिजच्या पत्र्याखाली घट्ट दाबलेलं असायला हवं. नायलॉनचं वेष्टन असलेल्या काळ्या तारा लावल्या असतील तर वायर ठीक असूनही फरक पडणार नाही, कारण बोट धातूला पोचतच नाही. आणि धातूला हात लावल्यावर आवाज *वाढत* असेल तर आधी जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्यात का ते बघा. जुन्या बेसमध्ये कुणीतरी घाईत सोल्डर मारलेलं असतं, हे बऱ्याचदा सापडतं.

आवाज वाढतो आणि बोटांना मुंग्याही येतात, असं असेल तर मात्र वाजवणं तिथेच थांबवा. हा बेसचा दोष नाही, घरातल्या किंवा हॉलच्या अर्थिंगचा आहे. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थच्या भोकामागे वायरच नसते. हम घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग अजून भेटतात. हम जातेही. पण मग अँपमध्ये गळती झाली तर विजेला जायला उरलेला रस्ता म्हणजे तारांवरचा तुमचा हात आणि माइकला लागलेले ओठ. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वे १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टेजवरच असा गेला: एक हात तारांवर, दुसरा अर्थिंग नसलेल्या माइकला. गणपतीच्या मांडवात जनरेटर आणि पाच ठिकाणांहून ओढलेल्या वायरी असतात, तिथे मी तारांना हात लावायच्या आधी टेस्टर लावतो. दिवा लागला तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बेस बॅगेत.

शिल्डिंग करण्याआधी अजून एक चाचणी करा, नाहीतर तांब्याची टेप फुकट जाईल. तारांवर हात ठेवूनच स्टुलावर बसा, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मग एक पूर्ण बंद करा. हम वाढली? आता बसल्याबसल्या गोल फिरा. एका दिशेला हम जोरात आणि तिथून साधारण काटकोनात वळल्यावर जवळजवळ गायब होत असेल, तर ही चुंबकीय हम आहे. अँपचा ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाईटचा जुना चोक, भिंतीतला मीटर बोर्ड यांचं चुंबकीय क्षेत्र पिकअपच्या गुंडाळीत थेट शिरतं. तांब्याच्या टेपने ते अडत नाही. टेप फक्त विद्युत क्षेत्र अडवते, म्हणजे हात लावल्यावर जाणारा भाग. लोक टेप लावतात, अर्धी हम उरते आणि टेपला शिव्या देतात.

ही उरलेली अर्धी सिंगल-कॉइलच्या रचनेतच आहे. १९५१ साली आलेल्या प्रिसिजन बेसला एक साधी गुंडाळी होती. १९५७ साली तिचे दोन तुकडे करून उलटसुलट बसवले, तेव्हा हम एकमेकांत कापली गेली. १९६० च्या जॅझ बेसमध्ये तेच तत्त्व दोन वेगळ्या पिकअपमध्ये आहे: एकाची गुंडाळी आणि चुंबक दोन्ही दुसऱ्याच्या उलट. दोन्ही व्हॉल्यूम सारखे असतील तेव्हाच हम कापली जाते. एक जरा कमी केला की ती डोकं वर काढते. जॅझ बेसवाले दोन्ही नॉब शेवटपर्यंत उघडून टोनवरच खेळतात, त्यामागे आवाजाची आवड आहे तसं हेही कारण आहे.

दोन्ही पूर्ण उघडूनही चुंबकीय हम जात नसेल तर आवाजाचा पोत ऐका. भरीव वाजतोय पण हम दुप्पट, तर ही जोडी एकाच घडणीची आहे. स्वस्त नकलांमध्ये असं होतं. आवाज पातळ, पोकळ, खर्ज गायब आणि वर हमही वाढलेली, तर एका पिकअपच्या दोन वायरी उलट जोडल्यात. त्या अदलाबदल केल्या की दोन्ही दुखणी जातात. पिकअप बदलण्यात अर्थ एवढाच एक: तुम्हाला एकट्या मागच्या पिकअपचा आवाज हवा आहे आणि हम चालणार नाही. त्यासाठी जॅझच्याच आकारात आत दोन गुंडाळ्या असलेले पिकअप मिळतात. तो निर्णय आवडीचा, दुरुस्तीचा नव्हे.

शिल्डिंगचं थोडक्यात सांगतो. चिकट बाजूतूनही वीज वाहून नेणारी तांब्याची टेप घ्या. खाचेच्या तळाला, भिंतींना आणि झाकणाच्या मागच्या बाजूला लावा, काठावर थोडी वर वळवा म्हणजे झाकण बसल्यावर दोन्हींचा स्पर्श होईल. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी आणि जॅकच्या अर्थशी बोलतोय का ते तपासा. अर्थला न जोडलेली टेप असून नसल्यासारखी. जॅकचा ‘गरम’, म्हणजे सिग्नल वाहणारा, पाय टेपला टेकला तर आवाजच बंद होईल, तेव्हा त्याच्यासमोर भिंतीवर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा.

खरखरीला फार वेळ देत नाही. नॉबखालच्या पॉटमधल्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागातल्या) कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि काजळी बसते. कंट्रोल प्लेट उघडा, पॉटच्या पायांवरच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. दाराच्या बिजागरीला मारायचं तेल इथे मारू नका. चार दिवसांनी खरखर परत आली, तीही त्याच एका जागी, तर तिथली पट्टी झिजली आहे. २५० किलोओमचा नवा पॉट टाका. बॅटरीवाल्या बेसमध्ये फिरवताना सगळीकडे सारखीच खरखर असेल तर पॉट निर्दोष असू शकतो. प्रीअँपमधला एखादा कपॅसिटर डीसी करंट पुढे सोडतोय का ते पाहावं लागतं.

पॉटचा आळ अनेकदा जॅकवर यायला हवा असतो. केबल लावून प्लग बोटांनी हलकेच गोल फिरवा. कडकड झाली तर आधी दुसरी केबल लावून बघा. तरी झाली तर जॅक. त्याचं बाहेरचं नट सैल झालं की माणूस ते पान्याने आवळतो, त्याबरोबर आतला पूर्ण जॅक फिरतो, वायरी पिळल्या जातात आणि एक दिवस तुटतात. आवळताना प्लेट उघडून जॅक आतून बोटांनी धरा. आत आहातच तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक सोल्डर हळूच ढकला. चकचकीत, पसरलेलं सोल्डर चांगलं. राखाडी, दाणेदार, गोळीसारखं बसलेलं पुन्हा तापवून घ्या.

आता खणखण, आणि इथे तुम्हीच उत्तर लिहिलेलं आहे. ४५-१०५ काढून ४०-९५ लावल्या. बेसच्या नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे आतली आवळता येणारी धातूची दांडी, मागे ओढतो आणि तारा पुढे ओढतात. दोघांच्या ओढाताणीत नेकला पुढच्या बाजूला अगदी बारीक बाक राहतो आणि तो हवाच असतो. तारा हलक्या झाल्या, पुढची ओढ कमी झाली, रॉड मात्र होता तेवढाच आवळलेला. नेक सरळ झाली किंवा मागे झुकली. अशी नेक नेहमी पहिल्या चार-पाच फ्रेटवरच खणखणते. उलट बाराव्याच्या पुढे खणखण असती तर बाक जास्त झाला किंवा तारा खाली बसल्या असं मी म्हटलं असतं.

मोजायला फार साधनं लागत नाहीत. बेस सुरात लावा, मांडीवर वाजवतो तसाच धरा. डाव्या हाताने ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, उजव्या कोपराने किंवा मित्राच्या बोटाने शेवटच्या फ्रेटवर. आता ती तारच तुमची फूटपट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या पोटाखाली किती फट आहे ते बघा. ०.३ ते ०.४ मिलिमीटर हवी. जाडसर व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकतं आणि तारेला उचलत नाही, इतकी. तुमच्याकडे तार बहुधा फ्रेटला टेकलेलीच दिसेल. ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, बेस परत सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या, मग पुन्हा मोजा. एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे नाही. रॉडचं नट जाम असेल आणि किल्ली घसरायला लागली तर जोर लावू नका, तिथून पुढे कारागिराकडे. नाशिक-पुण्याकडच्या उन्हाळ्यातून बेस पावसाळ्यात शिरला की नेक परत थोडी हलेल. ऋतू बदलला की एकदा कार्ड सरकवून बघायची सवय ठेवा. कोकणात तर ठेवाच.

तारा हलक्या केल्यावर आणखी एक जागा फसवते ती नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी (स्क्रूचं नट नव्हे). मोकळी तार वाजवली की झणझण आणि कुठेही बोट ठेवलं की स्वच्छ, असं असेल तर जुन्या जाड तारेच्या खाचेत नवी बारीक तार सैल बसली आहे. खाचेचा उंच कडा फ्रेटबोर्डाच्या बाजूला असावा लागतो. तो मागे सरकला तर तार नटच्या पृष्ठभागावर घासत राहते आणि तंबोऱ्याच्या जवारीसारखा आवाज देते. मिरजेचा कारागीर घोडी घासून घासून तोच आवाज जिवापाड मिळवतो, आपल्याला तो घालवायचा आहे. तुम्ही मोकळ्या तारेची तक्रार केलेली नाही, त्यामुळे नटला तूर्त हात लावू नका.

राहिला तो ‘सी’. ही मला सगळ्यात आवडलेली तक्रार, कारण तिची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात आणि ती वेगळी करायला फक्त बोट हलवावं लागतं. ए तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी म्हणजे सुमारे ६५ हर्ट्झ. तोच सी ई तारेवर आठव्या फ्रेटलाही मिळतो. तिथे वाजवा.

तिथेही झिर्र झालं तर दोष फ्रेटचा नाही, त्या सुराचा आहे. म्हणजे त्या कंपनाला कुठली तरी सैल वस्तू साथ देते. केबल काढूनही होत असेल तर वस्तू बेसवर आहे. मित्राला सी वाजवत राहायला सांगा आणि तुम्ही एकेक भाग बोटाने दाबत जा: ट्यूनरच्या खुंट्या आणि त्यांची रिंग, हेडवर तारा दाबून धरणारी छोटी पट्टी, ब्रिजवरच्या सॅडलचे (तार टेकते त्या तुकड्याचे) उंचीचे बारीक स्क्रू, पिकअपखालची स्प्रिंग, पिकगार्ड. हात ठेवताक्षणी जिथे आवाज मरतो ती जागा. सॅडलचे स्क्रू खास तपासा. तारा बदलताना दोनपैकी एक अधांतरी राहतो आणि तो ब्रिजच्या पत्र्यावर नाचतो. रॉड सैल केल्यानंतर नवीनच झिर्र सुरू झालं तर नेकच्या मागे मुठीने हलकेच ठोका. आतून खुळखुळ आली तर रॉडला अगदी किंचित ताण परत द्या.

फक्त अँपवरच होत असेल तर अँप आणि खोली. मोबाईलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, त्यातून ६५ हर्ट्झ अँपमध्ये सोडा आणि खोलीभर कान लावत फिरा. कॅबिनेटच्या जाळीचे स्क्रू, हँडल, खिडकीची सरकती काच, कपाटावरचे स्टीलचे डबे. बेस उघडून बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचा आवाज शेवटी लोखंडी कपाटाच्या दारात सापडतो.

आठव्या फ्रेटवर स्वच्छ आणि तिसऱ्यावरच झिर्र, तर चौथा फ्रेट उंच आहे किंवा त्याचं टोक लाकडातून उचललं गेलं आहे. आधी नेकचा बाक नीट करा, कारण खणखण आणि हे झिर्र एकत्रच जाण्याची शक्यता मोठी आहे. तरी उरलं तर जुनं एटीएम कार्ड घ्या. त्याची लांब कड ८५.६ मिलिमीटर असते आणि ३४ इंची बेसवर तिसऱ्यापासून पाचव्या फ्रेटपर्यंतचं अंतर साधारण ७९, म्हणजे कार्ड तिन्ही फ्रेटवर उभं राहतं. कड सरळ आहे ना, हे आधी स्टीलच्या पट्टीला लावून बघा. ए तारेच्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या फ्रेटवर ते आडवं धरा आणि दोन्ही टोकं आळीपाळीने दाबा. टकटक डोललं तर मधला उंच. मग चौथ्या फ्रेटच्या टोकावर लाकडाचा ठोकळा दाबून धरा आणि पुन्हा डोलवा. डोलणं थांबलं तर फ्रेट फक्त सुटलाय, तो पुन्हा बसवून कडेने चिकटवता येतो. नाही थांबलं तर घासून समतल करावा लागेल, आणि ते काम घरी कानस घेऊन करू नका.

तर क्रम असा ठेवा: आधी ट्रस रॉड, मग सी ची दोन जागांची चाचणी, मग क्लीनरचा फवारा, आणि प्लेट उघडलेलीच आहे तर त्याच दिवशी तांब्याची टेप. स्टुलावर फिरून बघितल्यावर हम दिशेनुसार बदलते की नाही, आणि दोन्ही व्हॉल्यूम उघडल्यावर आवाज भरीव राहतो की पातळ होतो, एवढ्या दोन गोष्टी कळवा. पिकअपचं त्यानंतर बोलू.